कवडूजींचं नाक

बत्तीस वर्षं मी लोकांना बिडी सोडा म्हणून सांगितलं. खात्याने दिलेली पोस्टरं भिंतीवर चिकटवली, फाटली की नवी चिकटवली, काळ्या फुप्फुसाचं चित्र घेऊन शाळाशाळांतून भाषणं केली. माझ्या सांगण्यावरून एकानेही बिडी सोडल्याचं मला आठवत नाही. कवडूजींनी सोडली, पण त्यात माझा काही हात नव्हता, आणि टाळ्या वाजवाव्यात असंही त्यात काही नव्हतं. तरी आता निवृत्तीनंतर घरी बसले की सगळ्या बदल्या, सगळी बाळंतपणं, सगळे लसीकरणाचे दिवस एकमेकांत मिसळून जातात आणि कवडूजी तेवढे वेगळे राहतात. का, ते मला नीट सांगता येत नाही. सांगून पाहते.

भंडारा जिल्ह्यात करडीच्या बाजूच्या एका गावात मी शेवटची चौदा वर्षं उपकेंद्राची नर्स होते. गावाला मोठा तलाव, तलावाच्या उंच मातीच्या पाळीखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि कवडूजी त्या तलावाचे पाणकर. पावसाने ओढ दिली की तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायची मोरी, उघडायचं आणि कोणाच्या बांधीत किती वेळ पाणी जाऊ द्यायचं हे ठरवायचं, हे त्यांचं काम. ते त्यांच्या वडिलांकडे होतं, आजोबांकडेही होतं. खांद्यावर फावडं, डोक्याला दुपट्टा, शर्टाच्या खिशात बिड्या. उंच, वाळलेला माणूस. बोलणं मोजकं. कोणी पाण्यासाठी फारच घायकुतीला आला तर म्हणायचे, "पाण्याले घाई नसते गा, तुलेच हाय." एवढं बोलून पुन्हा गप्प.

पाणी मोजायची त्यांची रीत अशी होती की ऐकून मी पहिल्यांदा हसले होते. पाणी बिड्यांवर मोजत. लहान बांधीला दोन बिड्या, मोठीला चार, अगदी टोकाच्या बांधीला सहा, कारण तिथवर पाणी पोचायलाच दोन बिड्या जात. तुडूम उघडलं की कवडूजी पाळीवरच्या दगडावर बसायचे आणि बिडी पेटवायचे. एक संपली की दुसरी. चौथी संपली की उठून म्हणायचे, "झालं, फिरवा पाणी." हातात मोबाईल असलेली पोरंसुद्धा हे मानत. कोणी घड्याळ काढून वाद घातल्याचं मी ऐकलं नाही.

यातही एक मेख होती आणि ती सगळ्या गावाला माहीत होती. बिडी सिगरेटसारखी नसते. ओढली नाही तर विझते. कवडूजींशी कोणी बोलत बसलं की बिडी बोटातच विझायची, ते ती पुन्हा पेटवायचे, पुन्हा गोष्टी, पुन्हा विझायची. म्हणजे जो पाळीवर येऊन गप्पा मारेल त्याची चौथी बिडी उशिरा संपणार आणि त्याच्या बांधीत पाणी जास्त जाणार. म्हणून पाण्याच्या दिवसांत पाळीवर कायम कोणी ना कोणी बसलेलं असे. कोणी चहाची किटली आणे, कोणी मुलीच्या सोयरिकीचा सल्ला विचारी. कवडूजींना हे कळत नव्हतं असं नाही. पण माणसं येतात, बसतात, बोलतात, त्यांना ते आवडत असावं.

बिड्या घरच्या असत. त्यांची बायको पार्बताबाई बिड्या करायची. लग्न होऊन आली तेव्हापासून, म्हणजे चाळीसेक वर्षं. घराच्या एका कोपऱ्यात पाय पसरून बसायची, मांडीवर सूप, सुपात तंबाखूचा चुरा आणि कापलेली तेंदूची पानं. बोटं आपोआप चालत, तोंडाने ती माझ्याशी बोलत असे. कारखान्याचा माणूस आठवड्यातून दोनदा येऊन बिड्या तपासायचा, सैल वळलेल्या किंवा पान फाटलेल्या बिड्या छाट म्हणून बाजूला टाकायचा. त्या छाटीच्या बिड्या कवडूजींच्या. पार्बताबाईचा हात इतका बसलेला होता की खरं म्हणजे छाट निघायलाच नको. पण दर खेपेला बरोबर पुढच्या खेपेपर्यंत पुरेल एवढी निघायची. मी एकदा तिला रागावले, की तूच नवऱ्याला बिडी पुरवतेस. ती म्हणाली, "मी नाई देली तर दुकानातून आणन. माह्या हातची तरी साफ तंबाखूची हाय." तिने स्वतः जन्मात बिडी तोंडाला लावली नव्हती.

तिला खोकला होता. आमच्या नोकरीत खोकला म्हणजे थुंकी तपासायला पाठवायची. मी दोनदा पाठवली, दोनदा साफ आली. टीबी नाही म्हटल्यावर माझी जबाबदारी संपल्यासारखं मला वाटलं. खोकल्याची बाटली देत राहिले. तिचा बीपीही वाढलेला असायचा, दर महिन्याला मी सांगायचे मीठ कमी खा, दर महिन्याला ती म्हणायची, "हो जी." मग एका श्रावणात तिला दम आवरेना. मी गाडी बोलावली, कारध्याच्या पुलावरून तिला भंडाऱ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहिला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, ही किती वर्षांपासून बिड्या ओढते? मी म्हटलं, ओढत नाही, करते. तिसऱ्या दिवशी ती गेली. मला वाईट वाटलं, पण ते वाईट वाटणं फार आत गेलं नाही. या नोकरीत माणूस हळूहळू बधिर होतं, आणि मला ते बरंच पडत होतं.

त्या तीन दिवसांत कवडूजी वॉर्डाबाहेर झाडाखाली बसून होते. खिशातल्या बिड्या ओढत होते. तेरवी झाल्यावर त्यांनी दुकानातून बिडीचा कट्टा आणला, एक पेटवली, दोन झुरके घेतले आणि टाकून दिली. उरलेला कट्टा दुकानदाराला परत नेऊन दिला. दुकानदाराने विचारलं, काय झालं? "दुसऱ्याच्या हातची हाय," म्हणाले. मग मला भेटले तेव्हा त्यांनी तेवढंच सांगितलं, की तिच्या हातच्या शेवटच्या बिड्या तिथं झाडाखाली ओढून टाकल्या, लक्षातसुद्धा आलं नाही. सांगताना आवाज जसा नेहमी असायचा तसाच होता.

अशी त्यांची बिडी सुटली. ना नवस, ना शपथ, ना माझं पोस्टर.

पुढचे दोन-तीन महिने मी त्यांच्या शरीराकडे जरा बारकाईने पाहिलं, कारण असा पेशंट मला मिळालाच नव्हता. पहिला आठवडा डोकं दुखलं, झोप गेली, हात सारखे खिशाकडे जायचे आणि रिकामे परत यायचे. मग खोकला कमी व्हायच्या ऐवजी वाढला. सकाळी काळपट कफ पडायचा. गावातल्या शहाण्यांनी निदान केलं की बिडीने कफ जळत होता, आता आत साचून राहिला, कवडूजी मरणार. दोघे-तिघे तर बिडी घेऊनच घरी आले, औषध म्हणून. मी सांगितलं, आत झाडलोट चालू आहे, होऊ द्या. मग शौचाचा प्रश्न आला. चाळीस वर्षं सकाळची बिडी घेतल्याशिवाय त्यांचं पोट हललं नव्हतं. आता पोट बिडीची वाट पाहत बसलं. ते संकोचाने उपकेंद्रात आले आणि सगळे पेशंट जाईपर्यंत बाकावर बसून राहिले. मी इसबगोल दिलं. त्यांनी पुडी उलटसुलट करून पाहिली. "बिडी स्वस्त पडत होती, बाई," म्हणाले. पार्बताबाई गेल्यानंतर त्यांनी केलेला हा एकुलता एक विनोद.

आश्विनात पावसाने दडी मारली आणि तुडूम उघडायची वेळ आली. तेव्हा गावाच्या ध्यानात आलं की आपलं घड्याळ गेलं.

कवडूजी म्हणाले, मोबाईल लावा. ठीक आहे, पण एक बिडी म्हणजे किती मिनिटं? हे आजवर कोणी मोजलंच नव्हतं. धनराज नावाचा शेतकरी, ज्याची बांधी टोकाला होती, तो म्हणाला आठ मिनिटं. ज्यांच्या बांध्या तुडुमाजवळ होत्या ते म्हणाले पाच. भांडण पेटलं. शेवटी पंचायतीत ठरलं की गावातल्या पाच बिडी ओढणाऱ्यांना पाळीवर बसवायचं आणि त्यांच्या बिड्यांना लागणारा वेळ मोजून मधला आकडा धरायचा. वेळ मोजणारं माणूस कोणत्याच बाजूचं नको. गावात जमीन नसलेलं आणि हातात सेकंदकाट्याचं घड्याळ असलेलं एकच माणूस होतं. ते मला बोलवायला आले.

मी गेले. नाही म्हणाले असते तर पाण्यावरून डोकी फुटली असती. तंबाखूविरोधी सप्ताहाचा बिल्ला त्या दिवशी माझ्या ॲप्रनला लावलेला होता, तो मी काढून पर्समध्ये टाकला आणि पाळीवर बसून पाच बाप्यांना बिड्या ओढताना पाहत बसले. एकाने धनराजचा मित्र म्हणून एवढी हळू ओढली की ती तीनदा विझली. दुसऱ्याने फुंकून संपवली. प्रत्येक विझण्यावर आरडाओरडा. कवडूजी बाजूला फावड्यावर हनुवटी टेकवून उभे होते. मध्येच कोणीतरी म्हणालं, "कवडूजी, तुम्हीच एक ओढा ना. एकच. खरं माप तर तुमचंच हाय." सगळ्यांनी मान डोलावली. त्यांनी डोकं हलवून नाही म्हटलं. "कायले नाही? गावासाठी तं ओढा." ते पाळीवरून उतरून खाली बांधीकडे गेले.

शेवटी सहा मिनिटं ठरली. वाद मिटला, आणि मोबाईलचा गजर वाजला की पाणी फिरायला लागलं. सगळं बरोबर, कोणावर अन्याय नाही. फक्त आता पाळीवर कोणी येऊन बसेना. बसून उपयोग नव्हता. गजर गप्पांना भीक घालत नाही. त्या वर्षीच्या पाण्यात मी दोनदा पाळीवरून गेले, दोन्ही वेळेला कवडूजी दगडावर एकटे होते, शेजारी मोबाईल. मी विचारलं, कसं आहे? म्हणाले, "आधी ही पाळ चढाले दोनदा थांबा लागे. आता एका दमात चढतो. वर आलो का मंग कराले काई नाई." मी त्यांचा श्वास मोजला. चांगला होता.

नखं मी दर महिन्याला पाहायचे. उजव्या हाताच्या दोन बोटांची नखं जर्द पिवळी होती. बिडी सुटल्यावर मुळाकडून गुलाबी नख यायला लागलं आणि मधली रेघ हळूहळू वर सरकत गेली. धान कापणीला आलं तेव्हा पिवळं फक्त टोकाला उरलं होतं. पुढच्या वेळी आले तेव्हा नखं कापलेली होती. वजन तीन किलो वाढलं होतं, जुन्या शर्टाचं पोटावरचं बटण लागत नव्हतं. बाईमाणूस घरात नसताना वजन वाढलं म्हणून गावात चेष्टाही झाली. कागदावर पाहिलं तर माझ्या सगळ्या नोकरीतला हा सगळ्यात यशस्वी पेशंट.

दिवाळीला त्यांची मुलगी वनिता पवनीकडून, आसगावहून आली, चार वर्षांच्या लेकीला घेऊन. वनिता आईसारखीच, हाताने काम आणि तोंडाने बोलणं. तिने पहिल्या दिवशी वांग्याची भाजी केली. कवडूजींनी पहिला घास घेतला आणि थांबले. खारट होती. त्यांनी विचारलं तर वनिता म्हणाली, "आई एवढंच टाकत होती, बाबा. तुम्हाले फिक्कं लागे ना." दुसऱ्या दिवशी हे सांगायला ते उपकेंद्रात आले. माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले. "चाळीस वर्षं माह्या जिभेच्या मापानं मीठ टाकत होती, आन तेच स्वतः खात होती. तिले बीपी होता ना बाई?" मी हो म्हटलं. "तुम्ही सांगतलं होतं ना तिले?" दर महिन्याला सांगत होते, मी म्हटलं. ते उठून गेले.

त्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा आले.

"बाई, नाकाचं औषध असते का तुमच्यापाशी?"

"सर्दी झाली?"

"सर्दी नाई. वास येऊन राहिला."

"कशाचा?"

"घरात कोणीतरी बिड्या करत बसलं हाय असा. वनिताले इचारलं, ते म्हणे नेहमीचाच हाय. मले तं कधी आला नाई."

मी त्यांच्याबरोबर घरी गेले. दारातच तो वास आला. तंबाखूचा चुरा, वाळलेलं तेंदूपान, त्यात घाम आणि जुनं लुगडं. मला तो चौदा वर्षांपासून माहीत होता. पार्बताबाई उपकेंद्रात येऊन गेली की बाकावर तासभर राहायचा. रांगेतल्या बाया नाकाला पदर लावून एकमेकींकडे पाहायच्या आणि ते तिलाही कळायचं, म्हणून ती शेवटी येऊन कडेला उभी राहायची. गावात सगळ्यांना तो वास माहीत होता. फक्त ज्याने तिच्याशी संसार केला त्याला नव्हता, कारण त्याचं नाक तरुणपणापासून धुराने बंद होतं.

"हा तिचा हाय?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

ते तिच्या कोपऱ्याकडे गेले, भिंतीला हात लावला, मग तिची वाकळ उचलून तोंडाजवळ नेली. माझ्यासमोर असं करणारा तो माणूस नव्हता. मी बाहेर ओट्यावर येऊन उभी राहिले. काही वेळाने ते बाहेर आले. "म्हंजे हे असं होतं," म्हणाले. "मले ती माहीतच नव्हती."

तेव्हा मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी त्यांना पाणी प्या म्हणून सांगितलं.

त्या दिवसापासून ते घरी लवकर जायला लागले. कोपऱ्यात बसायचे, नुसते बसायचे. देवापुढे उदबत्ती लावणं त्यांनी बंद केलं. खिडकी उघडू देईनात. वनिताने एकदा आईची लुगडी धुवायला काढली तर तिच्या हातातून घेतली. ती माझ्याकडे तक्रार घेऊन आली, पण तिची खरी काळजी वेगळी होती. तिच्या लेकीला दमा होता. आसगावला महिन्याकाठी एखादा झटका यायचा. इथे दिवाळीच्या चार दिवसांत तीनदा तिचा श्वास कोंडला होता. तिसऱ्या वेळी पोरगी निळसर पडली, मी उपकेंद्रातलं वाफेचं यंत्र लावून तिला सावरलं. वनिता पुन्हा गरोदर होती, फाल्गुनात बाळंतपणाला माहेरी यायचं ठरलेलं होतं, कारण सासरी करायला कोणी नव्हतं. ती म्हणाली, "बाई, मी कशी येऊ? इथं तिचा जीव जाईल. अन बाबाले एकटं टाकून मी तरी कुठं जाऊ?"

कारण मला दिसत होतं. ते घर चाळीस वर्षं तंबाखूची धूळ खाऊन बसलं होतं. जमिनीत, कुडाच्या भिंतीत, कपड्यांत, वाकळीत, सगळीकडे तीच. जी पार्बताबाईच्या छातीत गेली तीच. आणि कवडूजींना चाळीस वर्षांनी सापडली होती तीही तीच.

हे त्यांना सांगणं माझ्याकडे आलं. मी चार दिवस टाळलं. नोकरीत माणसांना मरणाच्या बातम्या दिल्या, तेव्हा मला इतकं जड गेलं नव्हतं. शेवटी एका सकाळी पाळीवर गाठून सांगितलं. सगळं सांगितलं, आडपडदा ठेवला नाही.

त्यांनी तलावाकडे पाहत ऐकून घेतलं. "म्हंजे घर धुवा लागन."

"धुऊन भागायचं नाही. कोपऱ्यातली माती काढावी लागेल. चुना मारावा लागेल. तिचे कपडे घरात ठेवता यायचे नाहीत."

"मंग पोट्टीले दम नाई लागन?"

"कमी लागेल. लागणारच नाही असं नाही."

"तुम्ही पक्कं काहून नाई सांगत, बाई?"

"तुमच्या बायकोच्या वेळेला मी पक्कं सांगितलं होतं," मी म्हटलं. "थुंकी साफ आहे, काही नाही, म्हणून."

त्यांनी मान हलवली. "हो. तिनंबी मले तेच सांगतलं होतं. बाई म्हणते काई नाई." त्यात दोष देणं नव्हतं, राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी फावडं उचललं आणि पाळीवरून खाली गेले.

पौषात त्यांनी ते काम केलं. मजूर लावला नाही, कोणाला हात लावू दिला नाही. कोपऱ्यातली जमीन हातभर खोल खणली आणि माती टोपल्याने नेऊन आपल्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे कडेच्या बांधावर, टाकली. नवा मुरूम भरला, चोपला, सारवलं. भिंती खरवडून चुना मारला, एकदा नाही, दोनदा. लुगडी आणि वाकळ बैलगाडीत घालून नदीवर नेली. परत आणलं नाही काहीच, मीही विचारलं नाही. सूप आणि कैची शेजाऱ्याच्या सुनेला देऊन टाकली, तीही बिड्या करायची. कामाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी रस्त्याने जाताना डोकावले होते. ते भिंत खरवडत होते आणि तोंडा-नाकावर दुपट्टा गच्च बांधलेला होता. धूळ उडत होती म्हणून असेल.

फाल्गुनात वनिता आली. मुलगा झाला, बाळंतपण मीच केलं, नोकरीतलं शेवटचं. घरात शेकशेगडी आली, ओव्याचा धूर तेवढा नको म्हणून मी बजावलं होतं, आणि दुपट्यांचा, दुधाचा वास. मोठी पोरगी त्या घरात दोन महिने राहिली आणि एकदाच काय ती धापली. कोपऱ्यात तिचा झोका बांधला होता. ती त्यावर आडवी होऊन झोपायची तेव्हा कवडूजी बाजूला बसून तिची छाती वर-खाली होताना पाहायचे. मी शिकवलं होतं, मिनिटाला किती श्वास चालतात ते कसं मोजायचं. ते मोजायचे. घर भरलेलं होतं आणि आजोबा म्हणून ते जे करायला हवं ते सगळं करत होते. हसत होते की नाही, मला आठवत नाही.

चैत्र संपत आला तेव्हा एकदा ते उपकेंद्रात आले. बीपी दाखवायला आले होते, तो चांगला होता. उठता उठता म्हणाले, "बाई, एक इचारतो. पुन्हा बिडी सुरू केली, तं नाक बंद व्हाले किती दिवस लागतात?"

मला त्यांना झापता आलं असतं. भिंतीवर पोस्टर होतंच. पण या माणसाला मी एकदा खोटं पक्कं सांगून बसले होते. म्हटलं, "काही आठवडे. महिना-दीड महिना."

"म्हंजे होते बंद."

"होतं. पण घरात बाळ आहे, कवडूजी."

"सुरू नाई करत मी," ते म्हणाले. "इचारून ठेवलं. हे सारं येते ना, मातीचा वास, पाण्याचा, पोट्ट्याच्या अंगाचा. सारं येते. तेच येत नाई." आणि ते गेले. त्यांनी बिडी सुरू केली नाही. निदान माझ्या डोळ्यांदेखत तरी नाही.

मे महिन्याच्या शेवटी मी निवृत्त झाले. गावाने शाल, नारळ दिला, आशा कार्यकर्त्या रडल्या, मी त्यांची समजूत काढली. सकाळच्या एसटीने निघाले. स्टॉपवर बॅग ठेवून बसले तेव्हा समोर समाजमंदिराच्या ओट्यावर दहा-बारा बाया बिड्या करत बसल्या होत्या. घरात उकाडा फार, म्हणून उन्हाळ्यात त्या तिथे जमत. मांडीवर सुपं, सुपात तंबाखू, कोणी बोलतंय, कोणी गप्प. ओट्याच्या टोकाशी, बायांपासून चार हात दूर, कवडूजी उभे होते. तिथे त्यांचं काही काम नव्हतं. पाण्याचे दिवस नव्हते, फावडं नव्हतं, कोणाशी ते बोलतही नव्हते. एक बाई म्हणाली, "बसा ना जी, उभे कायले?" त्यांनी मान हलवून नको म्हटलं. तिने पुन्हा आग्रह केला नाही, बाकीच्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही, म्हणजे हे रोजचं असावं.

मी हाक मारावी की नाही याचा विचार करत राहिले आणि तेवढ्यात एसटी आली. कंडक्टरने बॅग वर घेतली. खिडकीतून पाहिलं तेव्हा बायांच्या सुपातून वाऱ्याची झुळूक त्यांच्याकडे जात होती. ते डोळे मिटून उभे होते, तोंड घट्ट बंद, आणि नाकाने सावकाश, खोल श्वास घेत होते.